ओव्हरलॉक साखळी धरत नाही आणि अंतरपाटावरची अक्षरं पापडासारखी येतायत, कुणी सांगेल का?

फॉलपिको_संगमनेर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी घरीच शिवते, १५ वर्षं झाली, ब्लाउज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, जूनमध्ये गणवेश. आत्तापर्यंत सगळं सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर. तिचं काही बिनसलं तर मला नुसत्या आवाजावरून कळतं, तेल हवंय की सुई वाकलीय. पण यंदा भिशी लागली आणि माझ्या अंगात आलं, एकदम दोन मशीनी घेतल्या. एक जुनी ३ धाग्यांची ओव्हरलॉक, कारखान्यातली, टेबल-मोटरसकट (कापडाची कड कापून ती धाग्यांनी गुंफते ती, आमच्याकडे हिलाच इंटरलॉक म्हणतात), आणि एक घरगुती कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन, १० बाय १० सेंटिमीटरची फ्रेमवाली.

आता रडगाणं. ओव्हरलॉक दुकानात झकास चालत होती. टेम्पोतून घरी येईपर्यंत धागे सगळे निघाले. व्हिडिओ बघून बघून ओवले, चार बोटं साखळी (कापड नसताना विणली जाते ती धाग्यांची वेणी) येते की तट्कन खालच्या लूपरचा, म्हणजे धागा गुंफणाऱ्या आकड्याचा, धागा तुटतो. परत ओवायचा, परत तुटतो. परवा रात्री साडेअकरापर्यंत हेच, मिस्टर म्हणाले झोप आता नाहीतर मशीन आणि तू दोघी अंगणात. आणि ती मोटर बटण दाबल्यापासून घरघर घरघर करत राहते, पॅडलवर पाय नुसता टेकवला तरी कापड घेऊन पळते.

दुसरं म्हणजे भाचीचं लग्न आहे, तिला अंतरपाट मीच करून देते म्हणून बसले. लाल सिल्कवर सोनेरी धाग्यात शुभमंगल सावधान. सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये अक्षरांचा फोटो टाकला, ऑटोचं बटण दाबलं, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली तर मशीनला फाइल दिसेचना. मला वाटलं पेन ड्राइव्ह गेला, नवीन आणला, त्यातही दिसेना. मग कुणीतरी म्हणालं डिझाइन लहान करून बघ, केली, तर दिसली! पण शिवून जे आलं ते काय सांगू. अक्षर पापडासारखं कडक, भोवती कापडाला चुण्या, आणि शिरोरेखा अक्षरापासून सुटून वर तरंगतेय, मधून लाल कापड दिसतंय. मागच्या बाजूला तर धाग्याचा नुसता गोळा.

लग्नाला दीड महिना आहे. मशीनी विकून टाकू का सरळ?

सोलापूरचा_फिटर

ताई विकू नका, ओव्हरलॉकला बहुतेक काहीही झालेलं नाही. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात १८ वर्षं मशीनी बघतो, नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात हीच तक्रार घेऊन येते.

मला सांगा, खालच्या लूपरचा धागा तुटल्यावर तुम्ही फक्त तोच परत ओवता ना? सुईतला धागा तसाच ठेवून? तिथंच घोळ आहे. सुईतला धागा खाली उतरून लूपरच्या वाटेत बसलेला असतो, त्याच्यावरून तुम्ही नवीन धागा ओवला की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि दोनचार टाक्यांत लूपरचा धागा तुटतो. म्हणून आधी सुईचा धागा काढून टाकायचा. मग वरचा लूपर, मग खालचा लूपर आणि सगळ्यात शेवटी सुई. लूपर नंतर कधीही तुटला तरी सुई आधी मोकळी करायची आणि परत ओवायची, कंटाळा करायचा नाही. आणि जुन्या साखळीचा तुकडा सुईपट्टीवरच्या त्या बारीक जिभेला चिकटून असतो तो चिमट्याने काढा, टाका त्याच जिभेवर तयार होतो, तिथं कचरा असला तर नवीन टाका बसणार कुठं.

एकदा नीट ओवलं की परत ओवायची वेळ येऊ देऊ नका. रंग बदलायचा तर रिळाजवळ जुना धागा कापायचा, नव्याला गाठ मारायची, टेन्शनचे (धाग्याचा ताण ठरवणारे) तिन्ही नट सैल करायचे (आधी पेनाने खूण करा, किती आटे होते ते) आणि हळूहळू ओढून घ्यायचं. लूपरमधून गाठ आरामात जाते. सुईच्या डोळ्यातून जात नाही, तिथं गाठ सुईपाशी आली की कापा आणि हाताने ओवा.

एवढं करूनही तुटला तर सुई काढून बघा. तुमच्या पायमशीनची सुई एका बाजूने चपटी असते, कारखान्याच्या ओव्हरलॉकची गोल दांड्याची. आणि गोल म्हणजे सगळ्या एकच असं नाही हां, जुकी टाइप साध्या शिलाई मशीनला डीबी एक्स १ लागते, ओव्हरलॉकला बहुतेक डीसी एक्स २७. लांबी वेगळी. दुकानदार एकाच डब्यातून दोन्ही देतात, आणि चुकीची बसली की ती लूपरशी जुळत नाही, टाके सुटतात किंवा सुईच लूपरवर आपटते. पाकिटावरचं वाचून घ्या. बसवताना लांब खाच तुमच्याकडे, खोलगट बाजू मागे.

घरघर करणारी मोटर म्हणजे क्लच मोटर, ती बटण दाबल्यापासून फिरतच असते, तुम्ही पॅडल दाबता तेव्हा नुसता क्लच लागतो. शिवत नसाल तरी लाइट खाते. सर्वो मोटर बसवून घ्या, पाय ठेवला तरच फिरते, स्पीड कमी ठेवता येतो आणि आवाज जवळजवळ नाही. मिस्टर पण खूश. बसवून झाली की हँडव्हील बाणाच्या दिशेनेच फिरतंय ना बघा, उलटं जोडून देणारे महाभाग मी पाहिलेत.

तेल काचेतल्या दोन रेघांच्या मधे ठेवायचं, मशीनचंच पांढरं तेल. खोबरेल नाही!! एका ताईंनी खोबरेल घातलं होतं, थंडीत मशीन जाम, उघडली तर आत वडीच थापलेली.

आणि टाचणी. ओव्हरलॉकच्या सुरीपुढे टाचणी जाऊ देऊ नका. सुरीला खाच पडली की कापड कुरतडल्यासारखं येतं आणि मग सगळे धाग्याला शिव्या घालतात.

पंचिंगवाला_डोंबिवली

ओव्हरलॉकचं वर सगळं आलंय, मी एम्ब्रॉयडरीचं सांगतो. चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल करण्याला आमच्या धंद्यात डिजिटायझिंग कुणी म्हणत नाही, पंचिंगच म्हणतात. पूर्वी डिझाइन कागदी पट्टीवर भोकं पाडून मशीनला द्यायचे, पट्टी गेली आणि शब्द राहिला.

पहिलं, फाइल का दिसली नाही. पेन ड्राइव्ह बिचारा ठीक होता. तुमची फ्रेम १०० मिलिमीटरची, डिझाइन १०२ झाली असेल तरी बऱ्याच घरगुती मशीनी ती फाइल दाखवतच नाहीत, एरर पण देत नाहीत, गुपचूप. म्हणून ९८ च्या आत ठेवा. फॉरमॅट पण बघा, ब्रदरला पीईएस, जानोमेला जेईएफ, आमच्या मोठ्या मशीनींना डीएसटी. डीएसटीत रंग नसतात, फक्त इथे थांब एवढंच असतं, त्यामुळे स्क्रीनवर भलतेच रंग दिसले तर घाबरू नका.

दुसरं, पापड. तयार टाक्यांची फाइल लहान केली की आकार लहान होतो पण टाके तेवढेच राहतात. ८००० टाके अर्ध्या जागेत कोंबले तर पापडच होणार, सुई तुटली नाही हे नशीब. तयार फाइल १० टक्क्यांच्या वर लहानमोठी करायची नाही. करायचीच तर मूळ आकृतीवर करा आणि टाके नव्याने टाकायला सांगा.

आता मुख्य गोष्ट, शिरोरेखा सुटली ती का. टाका म्हणजे दोन टोकांना ओढून धरलेला धागा. तो कापडाला आत ओढतो, त्यामुळे ज्या दिशेने टाका जातो त्या दिशेने आकार आखडतो. शिरोरेखा आडवी असते पण तिच्यावर सॅटिनचे (एका कडेपासून दुसरीपर्यंत चिकटून पडणारे) टाके पडतात उभे, म्हणजे ती उंचीत आखडते, बारीक होते. काना उभा, त्याचे टाके आडवे, तो रुंदीत आखडतो, आणि टाक्यांच्या रेट्याने कापड लांबीच्या बाजूला सरकतं ते वेगळंच. स्क्रीनवर दोन्ही एकमेकांना चिकटून दिसतात, कापडावर मधे फट. ऑटोवाल्याला हे कळत नाही, त्याच्या लेखी तुमचं सिल्क म्हणजे लोखंडी पत्रा. उपाय म्हणजे अक्षराचा वरचा शेंडा शिरोरेखेच्या आत निदान १ मिलिमीटर घुसवायचा, पुल कॉम्पेन्सेशन (आखडणार म्हणून आकार आधीच थोडा जाड करणं) ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या मधे द्यायचं, आणि क्रम असा की आधी सगळी अक्षरं, शिरोरेखा शेवटी, पूर्ण शब्दावरून. प्रत्येक अक्षराची वेगळी शिरोरेखा मारली तर सांध्या-सांध्यावर उंचवटे येतात, बोट फिरवलं तरी लागतात.

सॅटिन १ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, तिथं साधा धावता टाका. ७ च्या वर गेलं की टाके लोंबतात, बांगडीत अडकतात, तिथं भरणीचा टाका घ्या. दोन ओळींतलं अंतर ०.४ ठेवा, सोनेरी जरीचा धागा असेल तर थोडं जास्त. खाली अंडरले हवाच, म्हणजे आधी विरळ टाक्यांनी कापड पेपरला (खाली लावतात त्या आधाराला) बांधून घ्यायचं. आणि सिल्कखाली नॉन-वोव्हन पेपर दोन थर, फ्रेममध्ये कापडासोबत ताणून, नुसता खाली सरकवून नाही.

मागचा गोळा. गोळा खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या (खालच्या धाग्याच्या) मागे लागतात, पण चूक वरच्या धाग्याची असते. फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून धागा ओवला की तो टेन्शनच्या चकत्यांत बसत नाही, किंवा वरखाली होणाऱ्या आकड्यातून निसटलेला असतो. फूट वर करून परत ओवा. मागून बघितल्यावर सॅटिनच्या मधोमध एक तृतीयांश पांढरा बॉबिन धागा दिसला म्हणजे टेन्शन बरोबर. जरीच्या धाग्याला मोठ्या डोळ्याची मेटॅलिक सुई घ्या, ९० नंबर, आणि स्पीड मशीन देईल तेवढा कमी. रीळ मशीनपासून हातभर लांब ठेवलं तर त्याचे पीळ वाटेत सुटतात.

फॉलपिको_संगमनेर

फिटर दादा, जमलं!!! सुईतला धागा काढला, दोन्ही लूपर ओवले, शेवटी सुई, आणि जी साखळी सुटली ती पार उंबऱ्यापर्यंत. मी पोराला बोलावून दाखवली, तो म्हणाला बरं मग? सुई पण डीबीचीच निघाली, बदलली. आता जॉर्जेटच्या कडेला चुण्या पडतात आणि टी-शर्टच्या कापडाची कड लाटांसारखी होते, त्याचं काय?

पंचिंगवाले दादा, तुमचं तीनदा वाचलं. फूट खाली ठेवूनच ओवत होते हो मी. पायमशीनवर १५ वर्षं तसंच ओवतेय आणि तिने कधी तक्रार केली नाही! पण सॉफ्टवेअर विकत घेणं परवडायचं नाही, आणि १० सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये एवढा मोठा अंतरपाट, अक्षरं लांबून दिसणार कशी?

सोलापूरचा_फिटर

डिफरन्शियलचा खटका शोधा, पुढचे दाते मागच्यापेक्षा किती कमीजास्त कापड सरकवतात ते त्याने ठरतं. टी-शर्टला १ च्या वर, १.३-१.५ पर्यंत. जॉर्जेटला १ च्या खाली, ०.८ वगैरे. आधी चिंधीवर.

सूई_सॅन_होजे

सॉफ्टवेअरसाठी इंकस्टिच बघा, इंकस्केपमध्ये बसतं, दोन्ही फुकट आणि मुक्त. मी मंडळाच्या गणपतीचं तोरण त्यावरच केलं. शिकायला आठवडा जातो, पहिले दोन दिवस शिव्या येतात. अक्षरं टाइप करून पाथमध्ये (रेघांच्या आकृतीत) बदलायची. सॅटिनसाठी दोन कडांच्या रेघा आणि मधे शिडीसारख्या आडव्या पायऱ्या काढाव्या लागतात, त्या पायऱ्यांवरून टाक्याची दिशा ठरते. आणि त्यात सिम्युलेटर आहे, टाके कुठल्या क्रमाने पडणार ते मशीनला हात न लावता दिसतं. तिथंच निम्म्या चुका सापडतात.

शिवणबाई_निवृत्त

मी आयटीआयला शिवणकला शिकवायचे, आता घरी असते. पोरी, तू सगळं मशीनकडून करून घ्यायला निघालीयस म्हणून अडतंय. फ्रेम लहान आहे ना? मग अक्षर धाग्याने भरू नकोस, खणाचं लाव. खणाच्या कापडाला मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटव. एका फ्रेममध्ये एकच अक्षर, ९ सेंटिमीटर उंच. मशीन आधी सिल्कवर अक्षराची नुसती रेघ मारेल, त्यावर खणाचा तुकडा ठेव, ती परत एकदा रेघ मारेल, मग फ्रेममधून सिल्क न काढता टोकदार कात्रीने बाहेरचा खण कापायचा आणि शेवटी कडेने ३ मिलिमीटर सॅटिन. टाके अगदी कमी पडतात, चुण्या नाहीत, आणि दहाव्या रांगेतल्या मामांना पण वाचता येईल.

शिरोरेखा मशीनवर करूच नकोस. अक्षरं सगळी एका ओळीत आली की वरून जरीची लेस तुझ्या काळ्या मशीनवर लाव. आठ वेळा फ्रेम काढून घातल्यावर अक्षर केसभर वरखाली होणारच, ते लेसखाली झाकलं जातं. ओळ आखायला शिंप्याचा खडू चालणार नाही, सिल्कवर राहतो, कच्च्या धाग्याने धावदोरा घाल. अनुस्वाराला मोती.

रेघेखाली

मी शिवत नाही, मी अक्षरं काढतो, बायकोने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. (धागा म्हणजे चर्चेचा हो, इथे स्पष्ट केलेलं बरं.) बाईंची लेसची कल्पना फार आवडली पण एक सांभाळा. शुभमंगल सावधान मध्ये भ आहे आणि ध आहे. या दोन अक्षरांवर शिरोरेखा सबंध नसते, डाव्या गाठीपाशी तुटते. अखंड लेस सरळ ओढून घेतली की भ चा म होणार आणि ध चा घ. नवरदेवासमोर शुममंगल सावघान. तेव्हा या दोन ठिकाणी लेस कापून टोकं आत दुमडा आणि गाठ उघडी ठेवा.

तसंच फॉन्ट घेताना श आणि ल बघा, दोन्ही तुमच्या मजकुरात आहेत. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे देतात. आपला श देठाचा आणि ल पाकळीचा, शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तेच वळण आहे. खण लावायचा तर जाड आणि गोल कोपऱ्यांचा फॉन्ट बघा. बालू आहे, मुंबईच्या एक टाइपचा, फुकट मिळतो. टोकदार कोपऱ्यांवर कात्री फिरवताना रडाल.

पंचिंगवाला_डोंबिवली

सावघान 😂 आमच्याकडे एका मंडळाच्या शंभर टोप्यांवर असा घोटाळा झालाय, कुठला ते सांगत नाही.

फॉलपिको ताई, बाईंची पद्धत घेणार असाल तर पंचिंग अगदी सोपं, अक्षराच्या कडेचे तीन पाथ, दोन धावते, एक सॅटिन. प्रत्येकाला वेगळा रंग द्या म्हणजे मशीन मधे मधे थांबेल, रंग खरा बदलायचा नाही, नुसतं थांबवायला. सॅटिनची सुरुवात अक्षराच्या वरच्या टोकाला ठेवा, जोड लेसखाली जाईल.

फॉलपिको_संगमनेर

तीन आठवड्यांनी येतेय. इंकस्टिच शिकले. शिव्या चार दिवस आल्या. भाचीने लॅपटॉप दिला, पाथ वगैरे पोराने दाखवलं, तोच "बरं मग" म्हणणारा, आता शाळेतून आला की विचारतो आज कुठलं अक्षर.

पहिला श जुन्या चादरीवर केला, छान आला. दुसऱ्यांदा सिल्कवर, तिथं खण कापताना सिल्कलाच कात्री लागली, अगदी टाचणीच्या टोकाएवढी, पण लागली. दोन दिवस कात्रीला हात लावला नाही. मग शिवणबाई, तुम्ही सांगितलेल्या फ्यूजिंगचा तुकडा मागून लावला आणि वर सॅटिन आलं त्यात भोक झाकलं गेलं. कुठल्या अक्षरात ते भाचीला सांगितलेलं नाही. लेस भ आणि ध पाशी कापून दुमडली, दुमडलेली टोकं ओव्हरलॉकच्या साखळीच्या तुकड्याने बांधली, ती साखळी आता माझी लाडकी आहे.

काल जाऊबाई बघायला आल्या, लांब उभं राहून मोठ्याने वाचलं, शुभमगल सावधान. मोती लावायचाच राहिला होता. आज लावते. हाताने लावताना मोत्याला साधा दोरा चालेल का नायलॉनचा घेऊ?

शिवणबाई_निवृत्त

नायलॉनची गाठ सुटते. साधाच घे, दुहेरी, मेण लावून.